धाकट्यानं रंगवलेला ग्रह

गाड्या रंगवणारे गावोगाव सापडतील. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारेही सापडतील. पण अख्खा ग्रह रंगवलेला माणूस दाखवा म्हटलं, की लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. असा माणूस या शहरात एकच झाला, आणि तो गॅरेजच्या गल्लीतल्या शेवटच्या शेडमध्ये झाला. शेड दोघा भावांची, म्हणून एक थोरला आणि एक धाकटा. त्यांची खरी नावं फक्त वीजबिलाला माहीत.

ज्यांनी ती शेड पाहिली नाही त्यांचं नशीबच खोटं. वर पत्रा, खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, तो सुरू झाला की छप्पर थरथरायचं आणि माणसं बोलायचं सोडून हातवारे करायची. मागच्या भिंतीला फळ्या, फळ्यांवर रंगांचे डबे, प्रत्येक डब्याच्या कडेवरून ओघळलेला आतला रंग, त्यामुळे चिठ्ठी लावायची गरजच नाही. आणि सगळ्यावर थिनरचा वास, घशात गोडसर उतरणारा. आता तिथं काचेच्या दाराचं मोबाइलचं दुकान आहे. थोरला त्या बाजूनं गेला की अजून एकदा नाक फुगवून श्वास ओढून बघतो. एसीचा गारवा तेवढा येतो, बाकी काही नाही.

पत्र्याचं काम थोरल्याचं. त्यानं नुसतं डोळे वटारून बघितलं तरी चेपलेलं दार घाबरून सरळ होतं, असं लोक म्हणायचे. निदान थोरला तरी तसं म्हणायचा. शाळा त्याची आठवीत सुटली, कारण बाप गेला आणि घर त्याच्या खांद्यावर आलं. धाकट्याची शाळा मात्र कुणी सोडवली नव्हती. थोरला कामाला लागला, आणि दुसऱ्याच आठवड्यात हा दप्तर घेऊन शेडच्या दारात उभा. थोरल्यानं कान धरून परत पाठवला, तो पुन्हा आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. शेवटी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि सांगितलं, "घास. कंटाळशील तेव्हा शाळेत जा." तो कंटाळलाच नाही.

आणि रंग म्हणाल तर धाकट्याचाच! नवी गाडी काय, कुणीही रंगवेल. डबा फोडा आणि मारा. पण उन्हानं फिकटलेल्या जुन्या गाडीचं एकच दार बदललंय आणि त्या दाराला उरलेल्या गाडीसारखं म्हातारं करायचंय, तिथं भल्याभल्यांची त्रेधा उडते. धाकटा काडीवरचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, दारातल्या उजेडात धरायचा, नख गाडीला टेकवायचा. मग दोन थेंब हे, एक थेंब ते. दार बसवलं की मालक म्हणायचा, "बदललेलं दार कुठलं?" त्यावर थोरला छाती फुगवून सांगायचा, "ते तुम्ही शोधा. सापडलं तर गाडी फुकट." कुणाला कधी सापडलं नाही.

त्या शेडचा एकच कायदा होता. चमक आल्याशिवाय इथून काहीही बाहेर जायचं नाही. साधी सायकल असो नाहीतर आमदाराची गाडी असो, मालकानं बॉनेटमध्ये बघून भांग पाडला पाहिजे. वरचा क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगाचा शेवटचा थर, वाळला की तो पाणी टाकून वॉटर पेपरनं घासतात. तेव्हा गाडी अशी पांढुरकी, निस्तेज दिसते की मालकानं पाहिली तर जागेवर बसेल. म्हणून थोरल्यानं मध्ये जाड पडदा लावला होता. पडद्याच्या आत घासणं, मग रबिंग, मग पॉलिश. पडद्याबाहेर आरसा.

सगळं असं झकास चाललेलं असताना धाकट्याला खोकला लागला.

आधी कुणी मनावर घेतलं नाही. रंगारी आहे, खोकायचाच. मग तो जिना चढताना मध्ये थांबायला लागला. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, एक दिवस दोघांना ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "छातीत रंग बसलाय. स्प्रे गन आजपासून बंद. त्या शेडमध्ये बसायचंसुद्धा नाही."

"मग मी करू काय?" धाकट्यानं विचारलं.

"जिवंत राहा भाऊजी, तेवढं करा," वहिनी म्हणाली.

पण ते काम त्याला येईना. त्याला ओळखीच्या कापड दुकानात बसवलं, तर तो गिऱ्हाइकांना सांगायचा की हे दोन निळे एकमेकांशी भांडतायत, घेऊ नका. दुकानदारानं हात जोडून परत पाठवला. मग तो रोज शेडच्या बाहेर रस्त्यापलीकडे जुन्या टायरवर बसून आत बघत राहायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. जे काही होतं ते या शेडमध्येच होतं. रस्ता ओलांडून आत यायचं नाही असं थोरल्यानं बजावलं होतं, तरी कॉम्प्रेसर बंद झाला की हा हळूच आत. थोरला ओरडायचा, तो बाहेर जायचा, आणि जाताजाता खोकायचा. त्या खोकल्यानं थोरल्याची हातोडी हवेतच थांबायची.

अशात एक दिवस एक बाई गाडीचं मडगार्ड चेपून घेऊन आल्या. शहराच्या टोकाला तारांगण बांधलं होतं, तिथलं प्रदर्शन उभं करायचं काम त्यांच्याकडे होतं. गल्लीनं त्यांचं नाव लगेच ग्रहवाल्या बाई पाडून टाकलं. थोरला पत्रा ठोकत होता आणि बाई फोनवर कुणावर तरी चिडत होत्या की फायबरचा एवढा मोठा गोळा येऊन पडलाय आणि ज्यानं तो रंगवायचा त्याचा पत्ता नाही.

फोन ठेवायच्या आत थोरला बोलून मोकळा. "आमचा धाकटा रंगवेल."

"ग्रह आहे तो. रंगवलाय का त्यांनी कधी ग्रह?"

"बाई, तो देवानं रंगवला तेव्हा त्याला तरी कुठं अनुभव होता?"

बाई हसल्या. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. तारांगणाला स्वतःचा रंगारी हवा होता, कायमचा. वरच्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांची खोली, पाण्यात कालवायचे रंग, ब्रश आणि स्पंज, स्प्रे नाही, थिनर नाही. "पण आमचे संचालक म्हणतात, एक गोळा करून दाखवू दे. जमला तर पुढचे सगळे त्याचे. नाही जमला तर सगळं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं."

थिनर नाही, हे दोन शब्द थोरल्यानं ऐकले आणि हातोडी खाली ठेवली. तारांगणाचं त्याला काही पडलं नव्हतं. मोठ्या खिडक्यांच्या त्या खोलीत धाकट्याला बसवायचं, एवढं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी. ती थोरल्यानं पसरवली असं लोक म्हणतात. त्यानं फक्त पंक्चरवाल्याला सांगितलं होतं, आणि पंक्चरवाल्याला सांगणं म्हणजे काय ते गल्लीला माहीत आहे.

गोळा आला तो टेम्पोतून. धाकट्याच्या खांद्याला लागेल एवढा, पांढरा. बाई सोबत आल्या आणि त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. फार दूरच्या एका ताऱ्याभोवती हा फिरतो. आपल्या गुरूपेक्षा मोठा, सगळा वायूचा. ताऱ्याच्या इतका जवळ की त्याचं वर्ष आपल्या आठवड्याच्या आतच संपतं.

"म्हणजे दर आठवड्याला वाढदिवस?" पंक्चरवाला पंप टेकवून उभा होता. "मी तर तिथं केव्हाच मेलो असतो."

"इथं मेलास तरी कळायला वेळ लागेल," थोरला म्हणाला. "तुझी हालचाल आहे तेवढीच आहे."

"आणि याची एक बाजू कायम ताऱ्याकडे," बाई सांगत होत्या. "तिथं सदाचा दिवस. पाठीमागं सदाची रात्र."

"त्या पाठीमागच्या बायकांची मजा आहे," वहिनी चहा देतादेता म्हणाली. "सकाळची घाई नाही, डबे नाहीत."

धाकट्यानं तेवढा एकच प्रश्न विचारला. "दिसतो कसा?"

"दिसत नाही. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, त्यावरून कळतं. दिव्यासमोरून माशी गेल्यासारखं. बाकी सगळा हिशेबानं केलेला अंदाज."

"मग चुकला रंग तरी सांगणार कोण?" थोरला खूश झाला.

"मी सांगणार," बाई म्हणाल्या.

काम शेडमागच्या मोकळ्या जागेत झालं. इंजिन उचलायची चेन-पुली थोरल्यानं बाहेर लोखंडी घोड्याच्या आडव्या दांड्याला बांधली आणि गोळा तिला टांगला. आता अशा गोळ्याभोवती पट्टे काढायचे म्हणजे दुसरा कुणी असता तर ब्रश घेऊन गोल गोल फिरला असता आणि चक्कर येऊन पडला असता. धाकटा स्टुलावर बसला, तोंडाला ओलं फडकं बांधलं, ब्रश गोळ्याला टेकवला आणि म्हणाला, "दादा, फिरव."

थोरल्यानं गोळा फिरवला. हात जागेवर, ग्रह फिरतोय, पट्टा आपोआप उमटतोय. एक लक्षात ठेवा, त्या ग्रहाला गती दिली ती थोरल्यानं.

रंग कुठले? तर फळीवरचे. शहरातल्या गाड्या रंगवून तळाशी उरलेले. आगीच्या बंबाचा तांबडा, शाळेच्या बसचा पिवळा, कुणा वकिलाच्या गाडीचा चॉकलेटी, दुधाच्या गाडीचा सायीसारखा पांढरा. धाकटा एकात एक मिसळायचा आणि पुटपुटायचा, "हा त्या डोलणाऱ्या जीपचा... हा त्या नवरा-नवरीच्या गाडीचा." ज्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या त्याही त्याला आठवत होत्या. थोरल्याला त्यातल्या गाड्या कमी आणि मालकांची भांडणं जास्त आठवत होती. दोघं असे तासन्‌तास बोलत बसले, गोळा फिरत राहिला. इतकं निवांत बोलणं त्यांचं पोरपणानंतर पहिल्यांदाच झालं, कारण मध्ये एवढी वर्षं कॉम्प्रेसर बोलत होता.

एकदा पंक्चरवाल्यानं भिंतीपलीकडून विचारलं, "काय थोरले, पृथ्वी कधी घेताय रंगवायला?" त्याला उत्तर द्यायला थोरला वळला, गोळ्याला हिसका बसला आणि धाकट्याचा ब्रश घसरून पट्ट्यात तांबडा फराटा उमटला. धाकट्यानं तो फराटा बोटानं गोल गोल फिरवला, आणि तिथं वादळ झालं.

शेवटी क्लिअर कोट. तो थोरल्यानं शेडमध्ये नेऊन मारला, धाकट्याला रस्त्यापलीकडे पिटाळून. वाळल्यावर वॉटर पेपर, मग रबिंग, मग पॉलिश, पडद्याआड. पॉलिशला धाकटाही बसला. पॉलिशला वास नसतो. पडदा सरकवला तेव्हा गल्ली गोळा झाली होती. काय ती चमक! पंक्चरवाल्यानं ग्रहात बघून दात साफ केले.

तारांगणाचं दालन गोल, अंधारं, भिंती काळ्या. मधोमध मोठा दिवा, तो तारा. गोळा टांगला, बाईंनी दालन बंद केलं आणि तारा पेटवला.

गोळ्यावर दिव्याचा पांढराफेक डाग पडला, डोळे दिपवणारा. त्याच्या शेजारी दरवाज्यावरची हिरवी पाटी दिसली. आणि बरोब्बर मध्ये, तांबड्या पट्ट्यावर, मिशीसकट थोरला दिसायला लागला.

"बघा!" थोरला म्हणाला. "आरसा!"

बाईंनी गोळ्याला एक फेरी मारली. थोरलाही ग्रहावरून त्यांच्या मागोमाग फिरला.

"रंग सुंदर आहेत," त्या हळू म्हणाल्या. "ते वादळ तर फारच छान जमलंय."

"ते मी केलं," थोरला म्हणाला.

"पण हा चमकतो. चमकायला कडक कातडी लागते. याला कातडीच नाही. यावर उतरायला गेलात तर पाय टेकणारच नाही, ढगांतून खाली खाली बुडत जाल. हा तर..." त्या थांबल्या. "हा फार चांगला रंगवलेला चेंडू दिसतोय. संचालक चार वाजता येतायत. मी त्यांना हा दाखवू शकत नाही."

थोरल्याला वाटलं कुणीतरी त्याच्याच हातोडीनं त्याला मारलं. चमक नको? सगळी हयात ज्या चमकेवर काढली ती नको? तो भांडायच्या तयारीत होता. तेवढ्यात शेजारी धाकटा खोकला, आणि त्याला मोठ्या खिडक्यांची ती खोली आठवली. वर जाणारा जिना दारातून दिसत होता. तो जिना आता दुसऱ्या कुणाचा तरी होणार होता.

"बाई," धाकटा म्हणाला, "बादलीभर पाणी मिळेल?"

पाणी आलं. खाली प्लास्टिक अंथरलं. धाकट्यानं खिशातून वॉटर पेपर काढला. रंगाऱ्याच्या खिशात तो असायचाच. पाण्यात बुडवला आणि त्या आरशावर ठेवला.

"अरे, काय करतोस!" थोरला ओरडला. पॉलिश केलेल्या अंगावर कागद फिरवणं म्हणजे त्या शेडमध्ये खुनाच्या खालोखाल गुन्हा. "दोन दिवस घासलंय आपण ते!"

"दादा, फिरव."

"लोक काय म्हणतील? गल्लीत तोंड दाखवायला..."

"दादा, पडद्याआड गाडी असायची ना, पॉलिशच्या आधी," धाकटा गोळ्याकडेच बघत म्हणाला. "तेव्हा रंग आत, खोल गेल्यासारखा दिसायचा. मला ती तशीच आवडायची. दर वेळी वाटायचं, आता हात लावू नये."

"मग कधी बोलला नाहीस?"

"तू एवढा खूश व्हायचास चमक आली की."

थोरल्यानं गोळा फिरवला.

धाकटा घासत गेला. पाणी दुधासारखं होऊन खाली ओघळत होतं. पण सकाळपासूनची दगदग. अर्ध्यावर त्याचा श्वास वर वर यायला लागला. थोरल्यानं त्याला खांदे धरून खुर्चीवर बसवला आणि कागद स्वतःच्या हातात घेतला. ज्या माणसानं जन्मभर चमक आणली, त्यानं त्या दुपारी चमक उतरवली. धाकटा खुर्चीवरून सांगत होता, "हलक्या हातानं. अजून हलक्या. दादा, दार नाहीये ते," आणि शहरातला सगळ्यात नामांकित पत्रेवाला मुकाट्यानं ऐकत होता. स्वतःचं तोंड पुसल्यासारखं त्यानं ग्रहावरचं स्वतःचं तोंड पुसून टाकलं.

गोळा फडक्यानं टिपला, वाळू दिला. संचालक आले ते घड्याळ बघतच. बाईंनी तारा पेटवला.

या वेळी उजेड गोळ्यावर आपटून परत आला नाही. आत शिरला. पिवळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली चॉकलेटी, त्याच्याखाली आणखी काही असावं असं वाटायला लागलं. कुठं रंग संपतो आणि कुठं अंधार सुरू होतो ते कळेना. नजर टेकायला जावी आणि टेकूच नये. संचालकांनी हात पुढं केला, बोट लावायला, आणि मध्येच मागं घेतला.

मग ते बाईंना म्हणाले, "बाकीचे कधी सुरू करताय?"

बाईंनी धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. तो नजरेनं काय विचारत होता ते थोरल्याला कळलं. शेडचं काय, फळीवरच्या डब्यांचं काय, तुझं काय.

"उद्यापासून येईल तो," थोरला म्हणाला. आवाज जरा चिरकला, पण ते दालनच तसं होतं, घुमणारं.

पुढं शेड थोरल्यानं एकट्यानं बरीच वर्षं चालवली. रंगाला दुसरी माणसं ठेवली, चांगली होती. पण बदललेलं दार आता गिऱ्हाइकाला सापडायला लागलं, म्हणून 'गाडी फुकट'ची पैज त्यानं बंद केली. फारच अवघड रंग आला की मडगार्ड काखेत मारून तो तारांगणात जायचा. दारावरच्या शिपायाला पहिल्यांदा वाटलं हा काहीतरी विकायला आलाय. मग ओळख झाली. थोरला आधी गोल दालनात थांबायचा आणि ग्रहासमोर जो कोणी असेल त्याला सांगायचा, "आमच्या धाकट्यानं रंगवलाय. फिरवला मी." शिपाई ओरडायचा, "थोरले, लोकांना बघू द्या की!" मग तो जिन्यानं वर.

वर खिडक्या उघड्या असायच्या. धाकटा ॲप्रन घालून कुठल्या तरी नव्या गोळ्यापुढं बसलेला. असाच एकदा, कामाला लागून वर्ष व्हायला आलं होतं तेव्हा, थोरल्यानं मडगार्ड खिडकीत टेकवलं आणि गल्लीतल्या बातम्या सुरू केल्या. बोलता बोलता तो मध्येच थांबला. घरात सगळ्यांनाच ती सवय लागली होती. दोन वाक्यं झाली की धाकट्याच्या खोकल्यासाठी जागा सोडायची, तो खोकून झाला की पुढं बोलायचं.

खिडकीतून वारा आला, खोकला आला नाही. खाली कुणीतरी गाडी उलटी घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

"थांबलास का?" धाकट्यानं मडगार्डवरचा अंगठा न उचलता विचारलं. "बोल की. पंक्चरवाल्याचं पुढं काय झालं?"

"काही नाही," थोरला म्हणाला. "सांगतो."